काल सारवलेली भिंत काल बांधलेली नसते



वाघबारशीच्या चार दिवस आधी एका पाड्यावर वनहक्काच्या दाव्यांची जागेवर पाहणी झाली. आमच्यातले तिघे तिथे हजर होते. सणाचे दिवस, बायांनी घरं सारवून काढलेली, कुडाला गेरू दिलेला. पाहणीला आलेल्या साहेबांनी एका घराला बाहेरून फेरी मारली. आत गेले नाहीत. भिंतीला बोट लावलं, बोटाला ओला गेरू लागला. तो रुमालाला पुसत त्यांनी सोबतच्या माणसाला लिहायला सांगितलं, ‘मातीची तात्पुरती झोपडी, अलीकडे बांधलेली.’

घरातली आजी ओटीवरच बसली होती. ती म्हणाली, "अरं बाबा, लगीन लागून मी याच घरात आले. माझी सासू याच घरात गेली." ते कोणी लिहिलं नाही.

दोन घरं सोडून पुढे एक म्हातारा एकटा राहतो. लेक मजुरीला बाहेर, सून बाळंतपणाला माहेरी. त्यामुळे यंदा घराला सारवण नाही. पावसाच्या झडीने खालच्या बाजूचं लिंपण गळून कारवी उघडी पडलेली. तिथे नोंद झाली, ‘पडीक. वास्तव्य दिसत नाही.’

म्हणजे सारवलं तर नवं, नाही सारवलं तर ओसाड. दोन्हीकडून मार आदिवासीलाच. आम्ही त्या दिवशी जागेवर भांडलो, पण भांडताना आमच्या लक्षात आलं की आपल्याकडेही नीट उत्तर नव्हतं. ‘हे घर जुनं आहे’ एवढंच आपण ओरडत होतो. जुनं कशावरून, हे भिंतीवर बोट ठेवून दाखवता आलं नाही. ज्या भिंतीच्या आत आपण जन्मलो, ती उभी कशी राहते आणि तिचं वय कुठे लपलेलं असतं, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना पक्कं ठाऊक आहे. दाव्याच्या कागदावर मात्र त्यातलं काहीच येत नाही. म्हणून हा लेख. स्टेन्सिलवर आकृत्या नीट उमटत नाहीत, तेव्हा सगळं शब्दांतच सांगतो.

आधी कायद्याचं. वनहक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 1 जानेवारी 2008 ला निघाले. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात सरकारी कागदांबरोबरच घर, झोपडी, जमिनीची सपाटी, बांध, बंधारे असल्या जमिनीवर डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी पुरावा म्हणून धरल्या आहेत. जुन्या विहिरी, मसणवटा, देवाची जागा हेही आहे. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही आहे. एकाहून जास्त पुरावे लागतात, पण ते सगळे कागदच असले पाहिजेत असं कुठेही म्हटलेलं नाही. यादीत ‘झोपडी’ हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. ती विटांचीच हवी, पत्र्याचीच हवी, असं नाही. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून तुमचा ताबा होता एवढंच तिने सांगायचं आहे.

आणि जागेवरची पाहणी करायची कोणी? नियम 12 प्रमाणे गावाच्या वनहक्क समितीने. दावेदाराला आणि वनखात्याला आधी कळवायचं आणि समितीने जाऊन पाहायचं. त्या दिवशी वही कोणाच्या हातात होती, ते ज्याचं त्याने आठवावं. समितीची पोरं मात्र मागे उभी राहून साहेबांना पाणी देत होती.

आता भिंतीकडे येऊ. आपल्याकडे दोन जातीच्या भिंती आहेत. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला, डोंगरात, कुडाची भिंत. घाट चढून वर गेलं की कुठे कुठे नुसत्या मातीची थराची जाड भिंत. साहेब लोकांना दोन्ही ‘मातीच्या’, पण दोघींचं उभं राहणं अगदी वेगळं.

कुडाच्या घरात भिंत छपराला धरत नाही. छपराचं ओझं वाशांवरून आढ्यावर आणि पाट्यांवर येतं, तिथून मेढींवर, आणि मेढीतून जमिनीत. मेढ दीड-दोन हात खोल गाडलेली, वर दुबेळकं, त्यात आडं बसलेलं. कुड नंतर येतो. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कामट्यांनी दोन्ही बाजूंनी आवळून बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची. हा कुड उद्या सगळा काढून टाकला तरी छप्पर खाली येणार नाही. पावसाळ्याआधी कुड बदलताना आपण हेच करतो, वर छप्पर आणि खाली नुसत्या मेढी, आणि पोरं त्यातून आरपार पळत असतात.

मग कुड नुसता आडोसा का? तसंही नाही. चार काठ्यांची चौकट बांधून तिच्या वरच्या कोपऱ्याला ढकला. ती कलते, चौकोनाचा तिरका आकार होतो. तीच चौकट कामट्यांनी विणा, चिखलाने भरा, वाळू द्या आणि मग ढकला. हलत नाही. वारा घराला बाजूने रेटतो तेव्हा हे काम कुड करतो. मेढी वजन झेलतात, कुड कलू देत नाही. त्यातही पुन्हा कारवी वाकते, बांधलेल्या गाठी थोड्या सरकतात, माती तडकते, पण एकदम मोडून माणसाच्या अंगावर पडेल असं त्यात काहीच नसतं. फार झालं तर लिंपणाचे पोपडे पडतात. ते पुन्हा लिंपता येतात.

अशा घराची दुखरी जागा एकच, मेढीचा पाय. जमिनीच्या बरोबरीला, जिथे ओलही आहे आणि हवाही आहे, तिथे लाकूड कुजतं आणि वाळवीही तिथूनच चढते. जमिनीच्या खालचा भाग कधी कधी शाबूत असतो, वरचाही शाबूत, आणि मधला चार बोटांचा गळपट्टा खाल्लेला. म्हणून मेढ बदलावी लागते. सगळ्या एकदम कोणी बदलत नाही. यंदा ही, चार वर्षांनी ती. पन्नास वर्षांच्या घरात पहिल्या दिवशीची एकही मेढ नसेल, आणि तरी घर तेच. नांगराचा फाळ बदलला म्हणून शेत नवं होतं का? पण ताजी सोललेली मेढ दिसली की पाहणीवाले लिहितात ‘नवीन बांधकाम’.

इथेच खरा पुरावा असतो, फक्त खाली वाकून बघायला पाहिजे. मेढ बदलताना बहुतेक वेळा नवा खड्डा जुन्याच्या शेजारी घेतात, कारण जुन्या खड्ड्याची माती सैल झालेली असते. जुन्या मेढीचा बुंधा तसाच आत कुजत राहतो. त्या जागी माती काळपट आणि भुसभुशीत होते. भोवतालची चोपलेली जमीन कडक, आणि मध्ये ताटलीएवढा मऊ गोल. सळई टोचली की सहज आत जाते. एका मेढीच्या बाजूला असे दोन गोल सापडले तर ती जागा तिसऱ्या मेढीची आहे. साग-खैराची मेढ किती वर्षं जाते, हे पाड्यातला कोणीही म्हातारा सांगेल. मग करा हिशोब.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 पासून बरीच वर्षं खोदकाम केलं. त्यांना तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती सापडली. लिहिलेला एक शब्द तिथे नव्हता. मातीच्या बुटक्या भिंती, त्यावर कुड, चोपलेल्या जमिनी, चुली, धान्य साठवायच्या जागा आणि खांबांचे खड्डे. त्या खड्ड्यांवरून त्यांनी सांगितलं की हे घर चौकोनी होतं, ते गोल होतं, हे आधीचं, ते नंतरचं. विद्वानांनी ते मान्य केलं, पुस्तकं निघाली. तीन हजार वर्षांपूर्वीची झोपडी खांबाच्या खड्ड्यावरून ओळखता येते, आणि 2005 च्या आधीची झोपडी, जिच्यात माणूस अजून जेवतोय झोपतोय, ती ओळखता येत नाही म्हणतात. ओळखायचीच नाही, असं सरळ सांगा ना.

मराठी माणसाच्या बोलण्यात वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हणतात. जुन्या भिंती विरघळून, चुलीची राख मिसळून, पिढ्यान्‌पिढ्या माणूस राहिलेली माती पांढुरकी होते, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. महसूलवाल्यांच्या तोंडात हा शब्द आपल्या आधीपासून आहे. भिंत पडली तरी तिची माती साक्ष देते, हे त्यांना आपण शिकवायची गरज नाही.

आता लिंपण. दरसाल दिवाळीला किंवा मळणी झाल्यावर, लग्नाच्या घरी लग्नाआधी, असं लिंपण-सारवण होत राहतं. जुन्या कुडाची एक जाड खपली काढून तिची कड उन्हात धरा. थर दिसतात. पिवळसर माती, शेणाची रेघ, गेरूची तांबडी रेघ, पुन्हा माती. कुठे गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा ठिपका. तो लग्नाचा चौक. आपल्या वारली बाया चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. ज्या कचेऱ्यांत आपल्या चित्रांच्या चौकटी टांगलेल्या असतात, त्याच कचेऱ्यांत ती चित्रं जिच्यावर जन्मली त्या भिंतीला तात्पुरती म्हणतात.

पण एक सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी आपल्यालाच खोटं पाडेल. थर मोजले की तितकी वर्षं झाली, असा सरळ हिशोब नाही. एखाद्या वर्षी दोनदा सारवतात, एखाद्या वर्षी मयत झाली म्हणून नाही सारवत. लिंपण फुगलं तर खरवडून काढून पुन्हा पहिल्यापासून लिंपतात, आणि कुडच बदलला तर सगळं नव्याने सुरू. म्हणून ‘वीस थर म्हणजे वीस वर्षं’ असं जबाबात लिहू नका. ‘एकावर एक पुष्कळ थर आहेत, दोन-चार वर्षांत होणार नाहीत इतके’ असं लिहा. त्याच्या जोडीला जमीन, उखळ आणि उंबरठा घ्या. कुड बदलतो, पण घराची चोपलेली जमीन कोणी उकरत नाही, तिच्यावर फक्त भर पडत जाते. जमिनीत बसवलेलं उखळ, पायांनी झिजलेला उंबरठ्याचा मध्यभाग, चुलीखालची भाजून लाल झालेली माती. ही माती टोकरून पाहा किती खोल लाल आहे. दोन पावसाळ्यांच्या चुलीने असं होत नाही.

थराच्या जाड भिंतीचं गणित निराळं. तिथे छप्पर भिंतीवरच बसतं. माती दाब सोसते, ताण अजिबात सोसत नाही. डोक्यावर हंडा ठेवा, ती उभी राहील, पण तिला ओढा किंवा वाकवा, तडकते. म्हणून जुने लोक भिंत खाली दीड हात आणि वर हातभर करीत. माती तुडवायची, तिच्यात पेंढा, भाताचा तूस घालायचा, चार-आठ दिवस मुरू द्यायची. मग हातभर उंचीचा थर घालून तो वाळेपर्यंत थांबायचं. घाई केली तर खालचा थर वरच्याच्या ओझ्याने पोट काढतो. नुसती काळी माती भिंतीला चालत नाही, भिजली की फुगते आणि वाळली की भेगा पडतात. वासा भिंतीवर सरळ टेकवत नाहीत, खाली फळी देतात, नाहीतर वासा मातीत रुतत जातो आणि त्या जागेवरून खाली चीर येते.

चिरा ओळखायला शिका, हे पाहणीच्या कामाचंही आहे आणि जिवाच्या कामाचंही. अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर ती वाळताना आलेली माती आहे, काळजी नाही. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघाली असेल तर खालची जमीन एका बाजूला खचली आहे. कोपऱ्यात उभी चीर, वर रुंद आणि खाली अरुंद, म्हणजे दोन भिंती एकमेकींचा हात सोडताहेत. ही धोक्याची. आणि सगळ्यांत धोक्याची ती, जिथे चीर दिसत नाही पण भिंतीचा पाय आतून खाल्लेला आहे.

‘वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही’ अशी म्हण आहे. पण मातीच्या भिंतीत पाणी खालून वर चढतंच. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. जोतं बुटकं असलं, पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी साचलं, की ओल हात-दोन हात वर येते. ओली माती निम्माही भार धरत नाही. उघडी मातीची भिंत ही ओल बाहेर सोडते, उन्हाळ्यात सुकते, पुन्हा ताकद धरते. गेल्या काही वर्षांत मात्र आपल्या लोकांनी नवी रीत धरली आहे, पैसे आले की मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा. बाहेरून झकपक दिसतं. आत ओल अडकते, सिमेंटच्या पापुद्र्यामागे माती चिखल होत जाते आणि एका पावसाळी रात्री भिंत आवाज न देता बसते. सिमेंटला ‘पक्कं’ म्हणायची जी सवय आपल्याला लागली आहे, तिने जीव जाऊ शकतो. मातीच्या भिंतीला मातीचंच लिंपण पाहिजे. जोतं उंच, वळचण लांब, पागोळ्यांचं पाणी वाहून न्यायला चर. एवढं केलं की भिंत आपल्यापेक्षा जास्त जगते.

कोणी म्हणेल, लातूरला काय झालं ते विसरलात का? नाही विसरलो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून मातीचं घर म्हणजे मरण, असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं. पण तिथे माणसांवर पडलं काय, ते नीट पाहा. दोन-दोन, तीन-तीन फूट जाड दगडांच्या भिंती, दगड ओबडधोबड, मातीत बसवलेले. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, मध्ये चिपा आणि माती भरलेली, दोन्ही पदरांना बांधणारा आरपार लांब दगड नाही. वर माळवदाचं कित्येक मण मातीचं ओझं. जमीन हलल्यावर भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि वरचं सगळं खाली आलं. त्याच भागातली हलक्या छपराची, लाकूड-काठीवर लिंपलेली घरं त्या मानाने वाचली. पुढे 26 जानेवारी 2001 ला कच्छात भूकंप झाला. शहरातल्या सिमेंटच्या इमारती पडल्या आणि बन्नीतले मातीचे गोल भुंगे, वर गवताचं छप्पर, पुष्कळसे उभे राहिले. गोल भिंतीला कोपराच नसतो, त्यामुळे कोपरा फाटण्याचा प्रश्न नाही. तेव्हा दोष मातीत नसतो, जड छप्पर आणि न बांधलेले कोपरे यांच्यात असतो. कुडाच्या घरात हे दोन्ही नाहीत.

आणि सरकारला हे माहीत आहे. 1993 सालीच भारतीय मानक ब्यूरोने मातीच्या घरांसाठी वेगळं मानक काढलं, क्रमांक 13827. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून जास्त नको, आडव्या भिंतीचा आधार न घेता लांबी दहापटीहून जास्त नको, दार-खिडकी 1.2 मीटरहून रुंद नको, असं त्यात लिहिलं आहे. हातभर जाड भिंत असेल तर आठ हात उंची. आपल्या म्हाताऱ्यांनी वीतहाताने मोजून जे केलं ते या मापात बसतं, कोणीही जाऊन मोजावं. लाकूड-वेताच्या सांगाड्यावर माती लिंपलेल्या घरांचाही त्यात विचार आहे. दिल्लीच्या ब्यूरोला जे घर आहे, ते तालुक्याला तात्पुरती झोपडी कसं होतं?

इथवर दुसऱ्यांना बोललो. आता आपली चूक. पहिल्या फेरीचे दावे भरताना आम्हीच कित्येकांच्या अर्जात ‘कच्चे घर’ लिहिलं. घरकुलाच्या यादीसाठी तो शब्द लिहून लिहून हात बसलेला होता. घरकुलाला कच्चं घर दाखवावं लागतं, तरच नंबर लागतो. पण घरकुलाच्या कागदात ‘कच्चे’ म्हणजे कशाने बांधलं, एवढाच अर्थ आहे. दाव्याच्या कागदात तोच शब्द वाचणाऱ्याने ‘काल-परवाचं’ असा वाचला. आपल्या हातच्या शब्दाने आपलाच दावा लंगडा झाला. इथून पुढे दाव्यात ‘कच्चे’ हा शब्द कोणी लिहायचा नाही. ‘राहते घर, कुडाचे, मेढी इतक्या, जोते इतके उंच, अमुकच्या आजोबांच्या वेळेपासून’ असं लिहायचं.

दुसरी चूक याहून मोठी. घरकुल मंजूर झालं म्हणून दोन पाड्यांत जुनी घरं पाडून त्याच जागी विटांची बांधली, दाव्याची पाहणी व्हायच्या आत. आम्ही थांबवलं नाही. उलट, बरं झालं म्हणालो. पाहणीला आले तेव्हा उभं होतं ते खरंच नवं घर. जुनी जमीन पायाखाली खणून गेली, उखळ बाजूला टाकलेलं. त्या कुटुंबांकडे आता म्हाताऱ्यांचे जबाब आणि बांध एवढंच उरलं आहे. घरकुल घेऊ नका असं आम्ही म्हणणार नाही. पावसात मुलं घेऊन बसणाऱ्या बाईला मातीचे गुण सांगायला आम्ही कोण? शिवाय दरसाल शेण गोळा करायचं, माती आणायची, लिंपायचं, हे सगळं बाईच्याच माथ्यावर आहे, पुरुष फक्त मेढी बदलतात आणि मग सांगत सुटतात की घर मी उभं केलं. मातीच्या भिंतीचं कौतुक करणाऱ्या प्रत्येक गड्याने, आमच्यासकट, एक भिंत स्वतः लिंपून पाहावी. म्हणणं एवढंच की आधी नोंद, मग पाडापाड. आणि जमलं तर जुन्याला हात न लावता शेजारी बांधा.

एक गोष्ट मात्र साहेबांच्या वहीत कधीच येत नाही. घर पडकं का दिसतं? कारवी तोडली तर पकडतात, मेढीला लाकूड आणलं तर कोयता जप्त, बांबूला हात लावायचा नाही. दुरुस्ती करू द्यायची नाही आणि मग लिहायचं की वास्तव्य दिसत नाही. कायद्याच्या कलम 2 मध्ये गौण वनोपजाची व्याख्या आहे, त्यात बांबू आणि झुडपी लाकूड स्पष्ट आहे, आणि जे आपण पूर्वापार गोळा करत आलो ते घ्यायचा हक्क कलम 3 मध्ये आहे. कारवी काही इमारती लाकूड नाही. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि वाळून मरते, आपण ती नेली नाही तर वणव्यात जाते. ज्यांना ‘माझं घर कारवी तीनदा फुलली तेव्हापासूनचं’ असं आठवतं, त्यांचे जबाब त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आकडा आपण मांडू. आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणालाही जागेवरून हलवता येत नाही, हे कलम 4 मध्ये आहे. घर मोडायला कोणी आलं तर हे कलम तोंडपाठ पाहिजे.

ज्या पाड्यांची पाहणी व्हायची आहे किंवा फेरपाहणी मागितली आहे, तिथल्या वनहक्क समितीने साहेबांची वाट न बघता स्वतः घरोघर जावं. सोबत एक बाई असलीच पाहिजे, कारण कुठला कुड कधी बदलला हे तिलाच आठवतं. मेढी मोजा, बदललेल्या वेगळ्या लिहा. जुन्या मेढीचे मऊ गोल खुणावून ठेवा. चूल, उखळ, उंबरठा पाहा. शेतातला माळा आणि खळ्याजवळची झोपडीही सोडू नका, तीही झोपडीच आहे. बऱ्याच जणांनी दाव्यात नुसती शेती लिहिली आणि घराखालची जागा सोडून दिली. निवासाचा हक्कही मागता येतो, ते अर्ज दुरुस्त करा. खपली काढायची ती घरच्यांना विचारून, मागच्या भिंतीची, आणि पंचांसमोर. देवाच्या आणि चौकाच्या भिंतीला हात लावायचा नाही. पंचनाम्यावर सही-अंगठे झाल्याशिवाय उठायचं नाही, आणि एक प्रत घरात, एक समितीकडे.

पंचनाम्याचा कोरा नमुना या अंकाच्या शेवटच्या पानावर छापला आहे. शाई फिकी आली आहे त्याबद्दल माफी, रोलर जुना झालाय. जास्त प्रती पाहिजेत त्यांनी बाजाराच्या दिवशी कार्यालयातून न्याव्यात. खपल्या ठेवायला रिकामी आगपेटी चालते, पिशवीत ठेवली तर चुरा होतो. आगपेटीवर घरधन्याचं नाव, तारीख आणि कुठल्या बाजूची भिंत ते लिहा.